विळीला बोले, सुनेला लागे

मित्रांनो, जुनी आहे मी, पण गंजलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला पाहिलं की आजकालची पोरं विचारतात, "हे काय आहे?" जसं काही जमिनीतून खणून काढलंय मला! विळी आहे मी. खाली लाकडी पाट, वर वाकलेलं लोखंडी पातं आणि टोकाला खोबरं खवायचे दात. पाटावर पाय दाबून बसायचं आणि भाजी दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे आणायची. सुरीला भाजीकडे जावं लागतं. माझ्याकडे भाजी चालत येते. एवढा माझा मान.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. जे शिकले ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून शिकले. पण त्या कोपऱ्यात जेवढं ऐकायला मिळतं, तेवढं मोठमोठ्या कॉलेजातही मिळत नसेल.

माझा जन्म भिवापूरचा. एका लोहारानं ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून मला काढलं. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा ठोकलं. माणूस अबोल होता. जिथं मारायचं तिथंच हातोडा मारायचा, इकडंतिकडं नाही. म्हणून माझं पातं एवढं सरळ निघालं. बाजाराच्या दिवशी देवकीबाई आल्या, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली आणि म्हणाल्या, "ही चांगली आहे." त्या बाईनं सरळ बोललेली तेवढीच एक गोष्ट मला आठवते.

देवकीबाईंचं मिरचीचं शेत होतं. हंगामात अंगणात लाल मिरच्या वाळत पडायच्या, घरभर ठसका उठायचा, आणि आत मी वांगी, दोडके, कोहळं, कैऱ्या चिरत असायची. पाहुणी आली की म्हणायची, "बाई, काय धार आहे!" मी वर पाहायची नाही. खानदानी वस्तूनं कौतुकाला लगेच पाघळू नये.

मग घरात सून आली. शोभा. आणि इथून माझी खरी नोकरी सुरू झाली.

आपल्यात म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. सुनेला थेट बोलायचं नाही, लेकीला बोलायचं, ते सुनेला बरोबर लागतं. पण देवकीबाईंना लेकच नव्हती. एकुलता एक मुलगा, रुपराव. मग बोलायचं कुणाला? मला!

"काय वं विळे," देवकीबाई माझ्यापुढे बसून म्हणायच्या, "आजकालच्या पोरींच्या भाकरी पाहिल्या का तू? कोणती भाकर कोणत्या जिल्ह्याचा नकाशा, काही समजत नाही."

शोभा चुलीपाशी. मान खाली. पण पोरगी काही कमी नव्हती. थोड्या दिवसांनी तिनंही माझ्यापुढे बसून सुरुवात केली.

"विळीबाई, काही लोकांच्या भाकरी गोल असतात. पण चावता चावता माणसाचे दात हलतात."

देवकीबाई पदर तोंडावर घेऊन हसायच्या. हसल्याचं दाखवायच्या मात्र नाहीत. असं चालायचं मित्रांनो. सासू मला बोले, सून मला बोले, एकमेकींशी कोणी बोलत नसे. भांडण कधी झालं नाही, हे खरं. पण बोलणंही झालं नाही.

एकदा गावात अंगणवाडी निघाली. शोभा दहावी पास होती, तिला तिथं शिकवायला बोलावणं आलं. तिनं कांदे चिरता चिरता मला सांगितलं, "विळीबाई, अंगणवाडीत बाई पाहिजे म्हणते."

देवकीबाई तांदूळ निवडत मलाच म्हणाल्या, "विळे, लहान लेकरं लई कल्ला करतात वं. डोकं दुखते माणसाचं."

संपलं. जा म्हणून कोणी म्हटलं नाही, जाऊ नको म्हणूनही नाही. दुसरीच कोणी तिथं लागली. त्या दिवशी कांदे चिरून झाले होते, तरी शोभानं आणखी चिरायला घेतले. डोळ्यांतल्या पाण्याला काहीतरी कारण लागतं ना.

पुढं रुपरावांना नागपुरात सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. देवकीबाई वारल्या. शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, दिलं आणि तिथल्या नंदनवन नावाच्या वस्तीत घर झालं. मीही आले, गोधडीत गुंडाळून. शोभाची शोभाताई झाली, स्वयंपाकघराचा कोपरा मात्र इथंही माझाच राहिला.

आता रुपरावांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण या घरात वळसा घालून बोलणाऱ्या फक्त बायकाच नव्हत्या. कचेरीत कागद लिहून लिहून या माणसाला रोगच जडला होता. रिटायर झाल्यावर गल्लीतल्या लोकांनी त्यांना मोबाईलवरच्या ग्रुपात निरोप लिहायचं काम दिलं. पुढच्या दिवशी नळ येणार नव्हता, एवढंच सांगायचं होतं. रुपरावांनी मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं, "आपल्या परिसरातील तमाम सुज्ञ रहिवासी बंधुभगिनींना अत्यंत नम्रतापूर्वक सूचित करण्यात येते की, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव..." नळाचा 'न' यायला खूप खाली जावं लागत होतं. तिथवर कोणी गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या दारात.

"मी कळवलं होतं," रुपराव म्हणाले.

"कळवलं होतं का लपवलं होतं?" आतून शोभाताई म्हणाल्या. नवऱ्याशी त्या सरळ बोलायच्या. सुनेची गोष्ट वेगळी.

सून म्हणजे गुंजन. शोभाताईंच्या मुलाची, जितेंद्रची बायको. जितेंद्र गांधीबागेत साडीच्या होलसेल दुकानात आहे. तिथं गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणत नाहीत, 'मागवून देतो' म्हणतात. तीच सवय त्यानं घरी आणलेली. गुंजन मात्र भंडाऱ्याची, रसायनशास्त्र शिकलेली, सरळ पोरगी. आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात शोभाताई मला म्हणाल्या, "काय वं विळे, काही लोकं वांग्याच्या भाजीत गूळ टाकतात म्हणे."

गुंजननं मागं वळून विचारलं, "आई, मले म्हणता का?"

शोभाताई दचकल्या. "तुले काहून म्हणू? विळीले म्हणून राहिली मी."

"विळी कुठं भाजी करते?"

काय हसू आलं मला! पातं थरथरलं. पण मित्रांनो, घराचं वळण पाण्यासारखं असतं, शेवटी आपल्या उतारानंच नेतं. वर्ष-दीड वर्षात गुंजनही माझ्यापुढे बसून बोलायला लागली.

"विळीबाई, सकाळी सकाळी टीव्हीचा आवाज किती मोठा असते काही घरांत!"

"विळे, ज्याले झोपायचं त्यानं रात्री लवकर झोपावं."

झालं! गेलं ते सरळपण.

याच काळात ओट्यावर मिक्सर आला. मग एक प्लॅस्टिकचं कटर आलं, दोरी ओढली की कांदा बारीक. बारीक कसला, चिखल! माझ्याकडे कामं कमी झाली. सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, चिरायला, कोहळं कापायला, पालेभाजीला तेवढी मी. एकदोनदा तर मला माळ्यावर टाकायचीही गोष्ट निघाली. पण टाकणार कशा? मला टाकलं तर एकमेकींशी बोलणार कशा?

आता खरी गोष्ट ऐका.

भंडारा रोडवर मौद्याजवळ एका कंपनीत पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. गुंजननं तिथं मुलाखत दिली आणि तिची निवड झाली. तिथल्या मॅडमनं सांगितलं, रविवारपर्यंत हो की नाही कळवा, सोमवारी दुसऱ्या मुलीला विचारू. गुंजनचं मन नाचत होतं. मला चिरायला दिलेल्या मेथीवरून कळत होतं. काड्या इतक्या सारख्या कधी निघाल्या नव्हत्या. पण घरात सांगायचं कसं?

आधी तिनं नवऱ्याला सांगितलं. जितेंद्र म्हणाला, "पाहू ना. आईचा मूड पाहून विषय काढतो." आणि विषय काढला तो असा: "आई, भंडारा रोडले आजकाल ट्रॅफिक कशी असते वं?"

"मले काय माहीत? मी काय ट्रक चालवते?"

झाला विषय.

मग गुंजन माझ्याकडे आली. शोभाताई शेजारी शेंगा सोलत होत्या. "विळीबाई, मौद्याची बस सकाळी लवकर असते म्हणते. नोकरीवाले त्याच बसनं जातात. एखाद्याले जायचं म्हटलं तर संध्याकाळी वापस येता येते."

शोभाताईंना सगळं समजलं. मीही त्यांच्याकडे पाहत होते. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. त्यांना अंगणवाडी आठवली असणार, दुसरं काय? पण तोंड उघडलं तर निघालं हे: "विळे, मौद्याचं ऊन लई खराब वं. बसमध्ये उभं राहायले जागा नसते म्हणतात. आता शिकलेलं माणूस घरी बसलं तर शिक्षणाले गंज चढते, हेही खरंच. स्वयंपाकाचं काय, सुना नव्हत्या तेव्हाही घरं जेवतच होती. पण ज्याचं त्यानं पाहावं. आपल्याले काय, आपण तर लोखंड."

मित्रांनो, त्यात होकार होता. मी शपथेवर सांगते, होता. पण तो कसा होता, तर रुपरावांच्या नळासारखा. आधी ऊन, मग बस, मग गंज, मग घरं, आणि त्याच्या खाली कुठंतरी होकार. गुंजन उन्हातच थांबली. तिनं मेथी उचलली आणि गेली. त्या दिवसापासून ती गुणगुणायची बंद झाली.

मी काय करणार? मला तोंड आहे, पण ते चिरायचं.

शनिवारी सकाळी कोहळं आणलेलं. आता एक सांगते. माझ्या पाटातला खिळा कितीतरी दिवसांपासून ढिला झाला होता. शोभाताईंनी ते घरच्यांना सांगितलंही होतं. कसं? तर, "या घरात जुन्या वस्तूकडे पाहते कोण? हलून राहिली तर हलू दे." सगळ्यांना वाटलं त्या स्वतःबद्दलच बोलतात. जितेंद्रनं गुडघ्याचं तेल आणून दिलं. आयुष्यात एकदा त्या बाईनं खरंच विळीबद्दल तक्रार केली, आणि नेमकी तेव्हाच कोणाला विळी आठवली नाही!

तर गुंजननं ते जाडजूड कोहळं माझ्यावर ठेवलं आणि सगळा भार टाकून दाबलं. खिळा निसटला. माझं पातं पाटातून सुटून तिच्या मनगटाकडे वळलं. मी स्वतःला आवरू शकत नव्हते मित्रांनो. ज्या हातांची सवय झाली, त्याच हातांवर मी निघाले होते.

"गुंजन, हात काढ!"

शोभाताई ओट्यापाशी होत्या. तिथूनच ओरडल्या. नाव घेऊन, सरळ. गुंजननं हात मागं घेतला. कोहळं एकीकडे पडलं, पातं दुसरीकडे फरशीवर खणकलं. हाताला ओरखडाही नाही.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. पण शोभाताई म्हणाल्या, "काय वं विळे..." आणि थांबल्या. विळी दोन तुकड्यांत पडलेली. बोलणार कुणाला?

मला, म्हणजे माझ्या पात्याला, जुन्या पेपरात गुंडाळून फ्रिजवर ठेवलं. सुतार सोमवारी येणार होता. खाली घर असं गप्प झालं की विचारू नका. शोभाताईंनी प्रयत्न करून पाहिला. मिक्सरजवळ जाऊन म्हणाल्या, "काय गा मिक्सर..." गुंजननं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. मिक्सर काय ऐकून घेतो? त्याचंच त्याला पुरत नाही. मग त्यांनी कुकरकडे मोर्चा वळवला. पण अर्ध्या वाक्यात त्यानं शिट्टी मारली. भल्या बाईचा अपमान! प्लॅस्टिकच्या कटरकडे तर त्यांनी नुसतं पाहिलं आणि तोंड फिरवलं. बरोबरच आहे. बोलायलाही समोरच्याला काही वजन लागतं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. दुकान बंद, म्हणून जितेंद्र घरीच. रुपराव खुर्चीत. गुंजनचा फोन वाजला. मॅडमच होत्या. गुंजन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलायला लागली. आवाज अगदी बारीक.

"हो मॅडम, नमस्ते. नाही, म्हणजे त्याचं असं आहे मॅडम, की मला यायला आवडलं असतं, पण एकंदरीत घरची परिस्थिती पाहता, आणि उन्हाळा, आणि जाण्यायेण्याचंही..."

फ्रिजवरून माझा जीव तुटत होता. पाहा, पोरगी पण तेच शिकली! नकारही सरळ देईना. आणि तिकडे त्या मॅडमचा हात दुसऱ्या मुलीच्या नावाकडे चालला असणार.

शोभाताई भांडी विसळत होत्या. नळ बंद केला. माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं नुसता पाट होता, आडवा पडलेला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"गुंजन! हो म्हण."

गुंजननं फोन कानावरून खाली घेतला. "काय?"

"हो म्हण म्हटलं ना. घरचं मी पाहते. म्हण लवकर, बाई वाट पाहून राहिली तिकडे."

गुंजननं फोन पुन्हा कानाला लावला. "मॅडम, हो. मी येते." बस. एवढंच.

जितेंद्र उठून उभा राहिला. "आई, मी हेच सांगणार होतो..."

"तू ट्रॅफिक पाह गा."

रुपरावांनी घसा साफ केला. "या आनंदाच्या प्रसंगी, आपल्या कुटुंबाच्या वाटचालीतील एका महत्त्वपूर्ण..."

"तुम्ही बसा बरं. आणि उद्यापासून सकाळची कणीक तुम्ही मळायची. समजलं? का नम्रतापूर्वक सूचित करू?"

रुपराव बसले.

मग दोघी स्वयंपाकघरात आल्या. मधे मी नव्हते. गुंजननं विचारलं, "इतके दिवस काहून नाही बोलल्या, आई?"

"बोलली ना. विळीले बोलली."

"मले वाटलं तुम्ही उन्हाचं सांगून नाही म्हणून राहिल्या."

"ऊन तर आहेच वं. छत्री ने." शोभाताईंनी ओले हात पदराला पुसले. "मलेही बोलावलं होतं एकदा. अंगणवाडीत. माझ्या सासूनं लेकरं कल्ला करतात म्हटलं, अन् मी त्यातून काय समजायचं ते समजली. कोणास ठाऊक, त्या बाईच्या मनात काय होतं. विचारलंच नाही मी."

मी मात्र तिथंच होते मित्रांनो. पण देवकीबाईंच्या मनात काय होतं, ते मलाही माहीत नाही. बोललेलं मी सगळं ऐकलं. न बोललेलं कसं ऐकणार?

गुंजनचे डोळे भरले. कांदा नव्हता समोर. पुसले तिनं, आणि म्हणाली, "आई, सरळच बोलायचं आहे तर एक सांगू?"

"सांग."

"वरणात तुम्ही मीठ लई टाकता."

"आता एवढंही सरळ नको बोलू!"

अन् दोघी अशा हसल्या, की बाहेरून रुपरावांनी विचारलं, काय झालं म्हणून. कोणी सांगितलं नाही.

सोमवारी सुतार आला. सागाचा नवा पाट, नवा खिळा. पात्याला धार लावून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. मी पुन्हा माझ्या कोपऱ्यात. आता सकाळी रुपराव कणीक मळतात. पीठ केसांपर्यंत जातं, पण मळतात. गुंजन बसला पळते. जाता जाता ओरडते, "आई, आज उशीर होईल, भाजी तुम्ही करा," आणि शोभाताई ओरडतात, "डबा विसरली!" सगळं तोंडावर. निरोप्याची गरज नाही.

मला वाटलं होतं, माझं महत्त्व गेलं म्हणून मी खंतावेन. नाही खंतावले. मी चिरायला जन्मले, चिरते. दुसऱ्यांचं बोलणं वाहणं हे माझं काम कधीच नव्हतं. अंगावर पडलं म्हणून केलं.

तुम्ही म्हणाल, सरळ बोला सांगणारी ही म्हातारी स्वतःच किती लांबण लावते! वयाला तेवढं माफ असतं. तुम्हाला मात्र नाही. घरात विळी असेल तर तिला तेल लावा, काम झालं की आडवी ठेवा, खिळा हलला तर खिळा हलला म्हणा. आणि आपल्या माणसाला हो म्हणायचं असेल, तर माझ्यासारख्या लोखंडाला कशाला मधे घालता? ते माणूस समोरच उभं असतं.

परवाची गोष्ट. गुंजन मौद्याला, जितेंद्र दुकानात, रुपराव बँकेत. घरात कोणीच नाही. शोभाताई माझ्यापुढे सांबाराची जुडी घेऊन बसल्या. सवयीनं म्हणाल्या, "काय वं विळे..." आणि मागं वळून पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं. मग त्यांनी माझ्या पाटावर ओला हात फिरवला.

"नवा पाट चांगला बसला वं तुले," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं या घरात सगळ्या मला बोलल्या, ते दुसरीला लागावं म्हणून. पण हे माझ्यासाठी होतं.